ग्रॅममधून ड्राक्मा: प्राचीन ग्रीक नाण्यांची वजने कशी मोजावीत

सराफाच्या दुकानात आज ‘एक तोळा सोने’ म्हटले की समोरचा माणूस १० ग्रॅमचा भाव सांगतो. पण घरातल्या जुन्या पावतीवर आजीच्या पाटल्या ज्या तोळ्यात मोजलेल्या असतात, तो तोळा १२ माशांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो. नाव एक, वजने दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी. प्राचीन ग्रीक नाण्याचे आजच्या ग्रॅममधले वजन ड्राक्मा आणि ओबोलमध्ये बदलू पाहणाऱ्या नवख्या अभ्यासकाने ही तोळ्याची गोष्ट मनाशी धरूनच सुरुवात करावी, कारण ‘एक ड्राक्मा म्हणजे किती ग्रॅम’ या प्रश्नाला ‘कुठल्या गावचा ड्राक्मा’ असे उलट विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. अथेन्सचा ड्राक्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा, एजायनाचा सुमारे ६.१ ग्रॅमचा आणि कॉरिंथचा अवघा २.९ ग्रॅमचा होता. आणि ही तिन्ही गावे एकाच सारोनिक आखाताशी जोडलेली आहेत.

त्यामुळे या कामात भागाकार सोपा आणि भाजक निवडणे अवघड. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी वजन नीट घेणे, मग अथेन्सच्या मापात गणित शिकणे, आणि ते हातात बसल्यावर दुसऱ्या गावांकडे वळणे.

पहिली पायरी: काटा आणि त्याची परीक्षा

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा येथे चालणार नाही. अथेन्सचा ओबोल ०.७२ ग्रॅमचा आणि पाव ओबोल ०.१८ ग्रॅमचा असल्यामुळे किमान ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. तो सपाट टेबलावर ठेवावा, पंखा बंद करावा आणि नाणे मोजण्याआधी वजन ठाऊक असलेल्या वस्तूने त्याची परीक्षा घ्यावी. प्रमाणित वजन हाताशी नसेल तर कमी वापरलेले, चकचकीत २० रुपयांचे नाणे घ्यावे; त्याचे ठरलेले वजन ८.५४ ग्रॅम आहे आणि काटा त्याच्या आसपास एखाद-दोन शतांश ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवत असेल तर पुढे जायला हरकत नाही.

या नाण्याचा दुसरा एक उपयोग मला फार आवडतो. २० रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून तळहातावर घेतली की १७.०८ ग्रॅमचा भार जाणवतो, आणि अथेन्सच्या प्रसिद्ध घुबडछाप टेट्राड्राक्माचे, म्हणजे चार ड्राक्मांच्या नाण्याचे, प्रत्यक्ष वजन बहुधा १७.० ते १७.२ ग्रॅम भरते. पुस्तकातला आकडा हाताला कळला की पुढच्या चुका लवकर लक्षात येतात.

नाणे तीन वेळा मोजून मधला आकडा लिहावा. वजन करण्यासाठी म्हणून नाणे घासू किंवा धुऊ नये. त्यावर मातीचा वा क्षाराचा थर असेल तर तसा शेरा वजनापुढे लिहावा, तेवढे पुरे.

नाणे हाती नसून जुन्या ब्रिटिश सूचीतले वजन हाती असेल तर ते बहुधा ग्रेनमध्ये असते, ग्रॅममध्ये नव्हे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. सूचीत १३२ असा आकडा दिसला तर १३२ × ०.०६४८ = ८.५५ ग्रॅम. नवखी माणसे ‘ग्रे.’ आणि ‘ग्रॅ.’ यांत हमखास गोंधळतात. चांदीच्या नाण्यापुढे ६६ किंवा २६५ असे भले मोठे आकडे दिसले की ते ग्रेन आहेत असे समजावे, कारण ग्रीकांच्या दहा ड्राक्मांच्या मोठ्या नाण्याचे वजनही ४३ ग्रॅमच्या आसपासच आहे.

दुसरी पायरी: अथेन्सचे कोष्टक

शिकण्यासाठी अथेन्सचे, म्हणजे ॲटिक, वजनमान घ्यावे. ते सर्वांत जास्त दूरवर पसरले. अलेक्झांडरने आपली चांदीची नाणी याच मानावर पाडली आणि त्यामुळे ते मॅसिडोनियापासून बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत, पोहोचले. कोष्टक असे:

६ ओबोल = १ ड्राक्मा (४.३ ग्रॅम)
१०० ड्राक्मा = १ मिना (४३० ग्रॅम)
६० मिना = १ टॅलेंट (२५.८ किलो)

यांपैकी मिना आणि टॅलेंट ही नाणी नव्हती, ती केवळ वजने आणि हिशेबाची एकके होती. ओबोल या शब्दाचे मूळ लोखंडी सळईत आहे आणि ड्राक्मा म्हणजे ‘मूठभर’, सहा सळयांची मूठ. सहाचा आकडा तेथून आला असे ग्रीक स्वतःच सांगत.

ओबोलाच्या खाली ग्रीक जेथे जातात, तेथे मराठी माणसाला एकदम घरी आल्यासारखे वाटते. त्यांच्याकडे पाव ओबोल (०.१८ ग्रॅम), अर्धा ओबोल (०.३६), पाऊण ओबोल (०.५४) आणि दीड ओबोल (१.०८) यांची वेगवेगळी नाणी होती आणि प्रत्येकाला एकेका शब्दाचे स्वतंत्र नाव होते. ‘पाऊण’ आणि ‘दीड’ हे शब्द ज्या भाषेत रोज वापरात आहेत त्या भाषेत ही नाणी समजावून सांगायला दशांश चिन्हाची गरजच पडत नाही. म्हणून टिपण लिहितानाही ‘१.५ ओबोल’ असे न लिहिता ‘दीड ओबोल’ लिहावे. ते नाण्याच्या मूळ नावाला जास्त जवळचे आहे.

ही नाणी किती बारीक होती याचे उत्तम चित्र ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२२ मधल्या ‘वॅस्प्स’ या नाटकात आहे. न्यायसभेत बसण्याचे तीन ओबोल मिळणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचा भागीदार मासळी बाजारात ड्राक्मा मोडून नाण्यांऐवजी माशाचे तीन खवले देतो. म्हातारा ते ओबोल समजून सुटी नाणी ठेवण्याच्या सवयीप्रमाणे तोंडात टाकतो आणि वासाने थुंकून टाकतो. मासळी बाजारात जाणाऱ्या कोणालाही खवल्याचा आकार सांगायला नको.

तिसरी पायरी: भागाकार, आणि बाकीला सहाने गुणणे

आता गणित. ग्रॅमच्या आकड्याला ४.३ ने भागावे. भागाकारातला पूर्णांक म्हणजे ड्राक्मा. उरलेल्या अपूर्णांकाला ६ ने गुणावे, म्हणजे ओबोल मिळतात.

आजच्या सराफी तोळ्याचे, म्हणजे १० ग्रॅमचे, उदाहरण घेऊ. १० ÷ ४.३ = २.३२६. पूर्णांक २, म्हणून दोन ड्राक्मा. ०.३२६ × ६ = १.९५, म्हणजे जवळजवळ दोन ओबोल. उलटे ताडून पाहावे: दोन ड्राक्मा ८.६ ग्रॅम आणि दोन ओबोल १.४३ ग्रॅम मिळून १०.०३ ग्रॅम होतात. उत्तर जुळले.

सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. २.५ ड्राक्मा म्हणजे दोन ड्राक्मा पाच ओबोल नव्हेत, दोन ड्राक्मा तीन ओबोल. ज्यांच्या घरी आण्यांचा हिशेब केलेली वडीलधारी माणसे होती त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण अडीच रुपये म्हणजे दोन रुपये आठ आणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपण मात्र जरा सावध राहिलेले बरे.

मोठ्या वजनाला वरून खाली उतरावे. एक किलोत दोन मिना (८६० ग्रॅम) बसतात, १४० ग्रॅम उरतात; त्यांत ३२ ड्राक्मा (१३७.६ ग्रॅम) बसतात, २.४ ग्रॅम उरतात, त्यांत तीन ओबोल (२.१५ ग्रॅम) बसतात आणि शेवटी पाव ओबोलाहून किंचित जास्त उरते. म्हणजे एक किलो = २ मिना, ३२ ड्राक्मा, सव्वातीन ओबोल. यापुढे दशांश वाढवण्यात अर्थ नाही, कारण ४.३ हा आकडाच वापरलेली नाणी मोजून काढलेला आहे, कोणी ४.३१ घेतो, कोणी ४.३६, आणि एका किलोमागे तेवढ्यानेच दोन-तीन ड्राक्मांचा फरक पडतो.

चौथी पायरी: भाजक कोणता

येथपर्यंत आलेल्या माणसाच्या हातात १४.२ ग्रॅमचे चांदीचे नाणे ठेवले की तो ४.३ ने भागतो, उत्तर ३.३ येते आणि तो अडतो. अडायलाच हवे. ३.३ ड्राक्मांचे नाणे कोणीही टांकसाळवाला पाडत नाही. भागाकार १, २, ४, १० किंवा अर्धा अशा एखाद्या सरळ आकड्याच्या जवळ आला नाही तर नाणे चुकलेले नसते, भाजक चुकलेला असतो. १४.२ ग्रॅमचे नाणे इजिप्तच्या टॉलेमी राजांचे असेल तर ते पूर्ण टेट्राड्राक्माच आहे. पहिल्या टॉलेमीने आपल्या राज्यापुरते चांदीच्या नाण्याचे वजन टप्प्याटप्प्याने कमी करत येथपर्यंत आणले. तेथे ड्राक्मा ३.५५ ग्रॅमचा धरावा.

उलट फसगतही होते, आणि ती जास्त वाईट, कारण भागाकार छान सरळ येतो. समजा, नाणे ८.५ ग्रॅमचे आहे. अथेन्सच्या हिशेबाने दोन ड्राक्मा, प्रश्नच नाही. पण नाण्यावर पंखवाला घोडा पेगासस असेल आणि त्याखाली जुन्या लिपीतले कोप्पा हे अक्षर असेल तर ते कॉरिंथचे नाणे आहे, आणि कॉरिंथकर त्याच वजनाच्या स्टेटरचे, म्हणजे आपल्या गावच्या मुख्य मोठ्या नाण्याचे, दोन नव्हे, तीन भाग पाडत. त्यांचा ड्राक्मा २.८७ ग्रॅमचा. तेच ८.५ ग्रॅम, तीच चांदी, आणि एकीकडे दोन ड्राक्मा तर दुसरीकडे तीन.

यावर ताण करणारे उदाहरण १२.१ ग्रॅमचे आहे. त्यावर कासव असेल तर ते एजायनाचे स्टेटर, दोन एजायनी ड्राक्मांचे. त्यावर टोपलीतून बाहेर येणारा साप असेल तर ते पर्गमॉनच्या राज्यातले इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनचे किस्टोफोरस. ते पुरे असताना सुमारे १२.६ ग्रॅमचे होते, हे थोडे झिजले आहे. हे नाणे त्या राज्यात चार ड्राक्मांचे धरले जाई, पण ॲटिक मानाने त्यात तीनच ड्राक्मांइतकी चांदी होती. काट्यावर एकच आकडा दाखवणारी दोन नाणी अशी दोन, तीन आणि चार या तीन उत्तरांत वाटली जातात. म्हणून भागाकाराआधी चित्र पाहायचे, अक्षरे वाचायची, गाव ठरवायचे. काटा त्यानंतर साक्ष देतो.

नेहमी लागणारे आणखी काही भाजक येथेच सांगून ठेवतो. अलेक्झांडरचा बाप, मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, याच्या चांदीच्या टेट्राड्राक्माचे वजन सुमारे १४.४ ग्रॅम आहे, पण त्याचे सोन्याचे स्टेटर मात्र ॲटिक मानाचे, ८.६ ग्रॅमचे, म्हणजे एकाच राजाच्या दोन धातूंना दोन भाजक लागतात. इराणी दारिक सोन्याचा, सुमारे ८.४ ग्रॅमचा, चांदीचा सिग्लोस साडेपाच ग्रॅमच्या आसपास. किझिकसचे इलेक्ट्रम, म्हणजे सोने-चांदीच्या मिश्रधातूचे, स्टेटर १६.१ ग्रॅमचे, आणि इलेक्ट्रमचे भाग ड्राक्मात न मोजता तिसरा, सहावा, बारावा असे स्टेटरचेच हिस्से धरून मोजतात. तेथे ओबोल काढत बसू नये.

एजायना आणि अथेन्स यांच्यामध्ये झटपट ये-जा करायची तर सात एजायनी ड्राक्मा म्हणजे दहा ॲटिक ड्राक्मा एवढे प्रमाण पाठ करावे. ७ × ६.१ = ४२.७ आणि १० × ४.३ = ४३; तोंडी हिशेबाला हे पुरते.

पाचवी पायरी: झीज आणि खोट

हातोहात फिरलेले नाणे हलके होते, जड कधीच होत नाही. त्यामुळे भागाकार सरळ आकड्याच्या किंचित खाली आला तर तो स्वीकारावा, किंचित वर आला तर काटा आणि थर पुन्हा तपासावा, आणि बराच वर आला तर भाजक बदलावा. १६.८ ग्रॅमचे अथेन्सचे नाणे झिजलेलेच असेल असेही नाही, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून अथेन्सने जी नवी नाणी पाडली, ज्यांच्यावर घुबड आडव्या पडलेल्या मडक्यावर उभे आहे, त्यांचे कोरे वजनच साधारण तेवढे होते.

चेहऱ्याने पुरे, झीज फारशी नसलेले आणि तरीही १४-१५ ग्रॅमच भरणारे घुबड दिसले तर आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा असण्याची शक्यता धरावी, कारण चांदीची घनता १०.५ आणि तांब्याची ९ च्या किंचित खाली असते. ही लबाडी त्या काळातही चालत असे. इ.स.पू. ३७५-३७४ च्या अथेन्सच्या एका कायद्यानुसार बाजारात नाणेपारखी बसवलेला असे आणि नाण्याच्या पोटात तांबे किंवा शिसे निघाले तर त्याने ते तेथल्या तेथे आडवे कापून टाकायचे असे. संग्रहालयातल्या घुबडांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो, तो बहुधा अशाच कोणा संशयी हाताचा.

सहावी पायरी: ग्रंथातले वजन

नाणे नसून नुसता मजकूर समोर असेल तर तीच पद्धत उलट्या दिशेने वापरावी आणि जमेल तेथे मजकूरच पडताळून पाहावा. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीतल्या एगेस्टाच्या लोकांनी ६० जहाजांचा एका महिन्याचा पगार म्हणून ६० टॅलेंट न पाडलेली, म्हणजे लगडीतली, चांदी अथेन्सला आणली. ६० × २५.८ किलो म्हणजे सुमारे १,५४८ किलो. आता एका जहाजावर साधारण २०० माणसे, प्रत्येकाला रोज एक ड्राक्मा, ३० दिवस: २०० × ३० = ६,००० ड्राक्मा, म्हणजे बरोबर एक टॅलेंट. कोष्टक, पगार आणि इतिहासकार तिघेही एकमेकांशी जुळतात. नवख्याने हे एकदा स्वतः कागदावर करून पाहावे.

याच इतिहासकाराने दिलेल्या इ.स.पू. ४२० च्या तहात अथेन्स, आर्गोस, मँटिनिया आणि एलिस यांनी मदतीला येणाऱ्या पायदळ सैनिकाला रोज तीन ‘एजायनी’ ओबोल द्यावेत असे ठरवले आहे. तहात ‘एजायनी’ हे विशेषण मुद्दाम घातले आहे, कारण नुसते ‘तीन ओबोल’ म्हटले असते तर चौघांत भांडण लागले असते. एजायनी ओबोल सुमारे १.०२ ग्रॅमचा, म्हणून तीन ओबोल म्हणजे ३.०५ ग्रॅम चांदी. अथेन्सच्या मापात ते सव्वाचार ओबोल होतात.

दोन सावधगिऱ्या मात्र ठेवाव्यात. ग्रंथातला किंवा शिलालेखातला मिना धान्य-फळे तोलण्याचा असेल तर तो नाण्यांच्या मिनाएवढा धरू नये, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या अथेन्सच्या एका शिलालेखात बाजारातला मिना १३८ ड्राक्मा वजनाचा ठरवलेला आहे. आणि ग्रॅममध्ये उत्तर आले म्हणून त्याला आजच्या चांदीच्या भावाने गुणू नये. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामावर कारागिराला दिवसाला एक ड्राक्मा मिळे, त्यातून ४.३ ग्रॅम चांदी कळते, आणि किमतीचा विचार करायचा तर ‘एका दिवसाची मजुरी’ हेच तिचे माप धरावे.

आपल्याकडची नाणी मोजताना

मराठी वाचकाला ग्रीक वजनमानाची गाठ बहुधा अथेन्समध्ये पडत नाही, ती वायव्य भारतातल्या इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांतून पडते, आणि तेथे ४.३ चा भाजक हमखास फसवतो. बॅक्ट्रियात ॲटिक मानाची नाणी पाडणाऱ्या या ग्रीकांनी हिंदुकुशाच्या दक्षिणेला नवे, हलके मान घेतले: टेट्राड्राक्मा सुमारे ९.८ ग्रॅमचा आणि ड्राक्मा सुमारे २.४५ ग्रॅमचा. मिनँडरचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या मिलिंदाचे, २.४ ग्रॅमचे नाणे अर्ध्याहून जास्त ॲटिक ड्राक्मा नसून पूर्ण ड्राक्मा आहे. अपॉलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने ड्राक्मा इ.स.च्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत असल्याची नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे.

त्याच हलक्या ड्राक्माच्या वळणावर पश्चिम क्षत्रपांनी आपली चांदीची नाणी पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवला होता. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, पण म्हणून ते अथेन्सच्या काट्यावर तोलू नये: ते दोन ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्याला अर्धा ड्राक्मा नव्हे, एक ड्राक्मा म्हणावे. ग्रीक ड्राक्माचा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला, यादव आणि शिलाहारांच्या लेखांत तो द्रम्म म्हणूनच भेटतो, आणि बाजारात आपण ज्याला ‘दाम’ म्हणतो तो शब्दही त्याच घराण्यातला आहे.